बेटावर उतरायचं नाही

वैशाख संपत आला की मुळा धरणाचं पाणी खाली जातं आणि मधली खडकाळ बेटं उघडी पडतात. तिथे नदी सुरय अंडी घालतात. समुद्रपक्ष्यांच्या कुळातला हा पक्षी, पिवळी चोच, काळी टोपी. घरटं कसलं, खड्यांत नुसता खळगा! कडेच्या उथळ पाण्यात शेकाटे लांबलचक तांबडे पाय टाकत हिंडतात. नगरहून आम्ही नवराबायको दरवर्षी बघायला जायचो.

बेटावर उतरायचं नाही, हा यांचाच नियम. होडी लांब थांबवायची आणि दुर्बिणीतून बघायचं. माणूस उतरला की पक्षी उडतात आणि असल्या उन्हात उघडी अंडी बघता बघता शिजतात, हे मला यांनीच शिकवलं. एकदा मी उतरायचा हट्ट धरला, तर होडीवाल्यादेखत माझ्यावर खेकसले होते. मला राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटलं होतं, काय सांगू!

यंदा गेलो तर बेट सामसूम. कावळे तेवढे खळग्यांतून टोचे मारत होते.

"अहो, झालं काय इथे?"

हे दुर्बिणीची काच पुसत बसले.

होडीवाले मामा सहज म्हणाले, "आज उतरायचं न्हाई व्हय सायेब? परवा पावन्यांसंगं लई येळ बसला हुता की."

परवा! परवा तर हे पारनेरला लग्नाला गेले होते. सदऱ्याला इस्त्री मीच करून दिली होती.

"कोण पाहुणे?"

"पुण्याचे. मोठे फोटोग्राफर आहेत गं. दहाच मिनिटं म्हणाले होते."

"आणि माझ्याशी खोटं का बोललात?"

यांनी मान वर केली नाही. "तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

अस्सा संताप आला! परक्याने केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. यांना घरातून निघतानाच सगळं ठाऊक होतं, म्हणून तर लग्नाची थाप. अंडी गेली त्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त मला मीच मूर्ख वाटले.

"मामा, काठाला घ्या," मी म्हटलं.

होडी टेकली. हे आधी उतरले आणि नेहमीसारखा हात पुढे केला. मी मामांचा हात धरून उतरले.