दातिवऱ्याचं शेवाळ आणि चिठ्ठीसर

सरांच्या घरी लोणच्याच्या बरणीलाही चिठ्ठी असे. ‘कैरी रायवळ, केळव्याची, वैशाख शुद्ध पंचमी, पाडली शेजाऱ्यांनी.’ काकू म्हणत, ‘एक दिवस माझ्या कपाळालाही चिकटवतील.’ सर पालघरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सगळे त्यांना चिठ्ठीसर म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं.

ऐंशीच्या सुमारास मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. नोकरी कायम व्हायची तर एम.फिल. हवं होतं. विषय सरांनीच दिला: आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळात जंतू मारणारं काही आहे का? त्यांचा युक्तिवाद साधा होता. ‘हे शेवाळ दिवसातून दोनदा उघडं पडतं, दोनदा पाण्यात बुडतं. तरी कुजत नाही. म्हणजे त्याच्याकडे औषध आहे. तारापूरच्या कारखान्यांत गोळ्या बनतात ना, त्यातल्या कितीतरी आधी कुठल्यातरी झाडात किंवा बुरशीत होत्या.’

ऐकायला हे छान वाटे. प्रत्यक्षात म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, समुद्र लांब हटला की, साडी खोचून निसरड्या खडकांवर उभं राहायचं आणि सरांची चिठ्ठी संपायची वाट बघायची. जागा, तिथी, ओहोटीची वेळ, कोणी गोळा केलं, कसं धुतलं, कसं वाळवलं. पाणी पोटऱ्यांना लागलं तरी सर लिहितच असत. मी ‘सर, भरती’ म्हणे. ते ‘हो, तेही लिहायला हवं’ म्हणत. एखादा शब्द चुकला तर खोडू देत नसत. ‘खोडलं की आधी काय वाटलं होतं ते कळत नाही. खाली नवी चिठ्ठी लावा.’ काही बाटल्यांना चार-चार चिठ्ठ्या लोंबत. मला तर कधीकधी बाटली समुद्रात फेकावीशी वाटे.

एका माघात सर तापाने पडले. मी दातिवऱ्याच्या पार्वतीबायला तपकिरी शेवाळ काढून ठेवायला सांगितलं. ती कोळीण आम्हाला नेहमी मदत करी. चार दिवसांनी गेले तर तिने वाळवून, फडक्यात बांधून तयार ठेवलं होतं. वर पांढरी पूड दिसली. ते समुद्राचंच मीठ, असं मी धरलं. परतीची एसटी चुकू नये म्हणून घाईत चिठ्ठी लिहिली आणि ‘कसं वाळवलं’ हा रकाना कोराच ठेवला.

दोन वर्षांत तेवढ्याच एका बाटलीने काम केलं. काचेच्या बशीत जंतू वाढवून मधे अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली, की दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ, गोल रिंगण. मी आनंदाने प्रबंध टाइप करून घेतला. सादर करायला तीन आठवडे उरले असताना सर बाटली हातात घेऊन आले.

‘हा रकाना कोरा आहे.’

मी म्हटलं, सावलीतच वाळवलं असणार. ते म्हणाले, असणार हे लिहिता येत नाही, विचारून या. मी चडफडत दातिवऱ्याला गेले.

पार्वतीबाय जाळं विणत होती. म्हणाली, ‘मीठ लावून सुकवला नं. बिनमिठाचा माल आमी कुनाला देतो काय? नासला आसता तं तुमीच बोलल्या आसत्या.’

तिने मासळीसारखी त्याची काळजी घेतली होती.

सरांनी नुसत्या मिठाच्या पाण्यात टिकली भिजवून ठेवली. दुसऱ्या दिवशी तसंच रिंगण. मी म्हटलं, सर, हे कोणी विचारणार नाही. ते शांतपणे म्हणाले, ‘कोणी विचारणार नाही, म्हणून तर चिठ्ठी.’

प्रबंधातून ते प्रकरण काढावं लागलं. काम दोन वर्षं लांबलं आणि कॉलेजातली कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. मी बोईसरच्या शाळेत नोकरी धरली. बरीच वर्षं मी सरांशी कामापुरतंही बोलले नाही. ते मात्र दर दिवाळीला पत्र पाठवत, वर तिथी घालून.

सर गेले त्याच्या पंधराव्या दिवशी काकूंनी कपाट आवरायला बोलावलं. दातिवऱ्याची बाटली पुढेच होती. माझ्या चिठ्ठीखाली सरांच्या अक्षरात दुसरी: ‘मीठ लावून वाळवलेले. रिंगण मिठाचे. वाळवण्याबद्दल विचारायचे राहिले, चूक माझी.’

मी ती तीनदा वाचली. त्या दिवशी हा माणूस सफाळ्याला घरी तापाने फणफणत होता. जन्मभर आम्हाला खऱ्याखोट्यावरून छळलं आणि स्वतः हे लिहून ठेवलं. भांडायला आता समोर कोणी नव्हतं. खोडायचीही सोय नव्हती.

मी कागदाची पट्टी कापली. ‘वरील चूक सरांची नाही. शेवाळ आणायला मी गेले होते. रकाना मी कोरा ठेवला.’ पट्टी दोऱ्याने बाटलीला बांधली आणि काकूंना पंचांग मागितलं.

‘आता पंचांग कशाला?’ त्यांनी विचारलं.

‘तिथी राहिली,’ मी म्हटलं.

काकूंनी कपाळाला हात लावला, आणि पंचांग आणायला आत गेल्या.