दुसरी सही कोणाची?

कुठल्याही मंडळात वर्षभर काम केलं की बाकी काही हाती लागो न लागो, किस्से मात्र साचत जातात. बेलफास्टच्या हिवाळ्यात आमच्या रेडिएटरवर मोजे साचतात तसे. एक वाळला म्हणून उचलावा, तर त्याच्याखाली दोन ओले निघतात! यंदाचे किस्से मी आता हसत हसत सांगतेय, कारण जीव एकदाचा भांड्यात पडलाय. पडायला मात्र त्याने नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत वेळ घेतला.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेवढ्या एका गुणावर मला मराठी मंडळाची सेक्रेटरी केलं. मंडळ म्हणजे नऊ कुटुंबं आणि एक सुमनकाकू.

सुमनकाकू नागपूरच्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या. काका गेल्यावर त्यांचा मुलगा नीलेश त्यांना इथे घेऊन आला. पहिला हिवाळा त्यांनी खिडकीत बसून काढला. दुपारी चारला अंधार, बोलायला कोणी नाही. "पोरी, मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बसाच मोजून राहिली," असं त्या मला म्हणाल्या. मग आम्ही रस्त्याच्या टोकाच्या जुन्या कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी मुलांसाठी मराठी शाळा सुरू केली. दुसऱ्याच शनिवारी काकूंनी सुटकेस रिकामी करून माळ्यावर टाकायला लावली. तेव्हापासून तो हॉल टिकवणं हे मंडळाचं मुख्य काम झालं.

* * *

हॉलला दोन ट्रस्टी. गेरी आणि विल्मा, दोघंही सत्तरीपुढचे. बाहेरच्या दाराची चावी गेरीकडे, किचनची विल्माकडे. आणि दोघं गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत!

विल्मा मला सांगणार, "त्या माणसाला सांग, हीटर लाव." तो माणूस तीन फुटांवर उभा. गेरी मला सांगणार, "तिला सांग, लावलाय." लहानपणी आई-बाबांचं बिनसलं की मी घरात हेच काम करायचे, त्यामुळे सवय होती.

आम्हाला वाटलं, बेलफास्ट आहे, मागे काहीतरी मोठा इतिहास असणार. एकदा मी दबकत दबकत गेरीला विचारलं.

"क्वायरच्या तालमीत चहाच्या सुट्टीआधी मी पाण्याच्या बॉयलरचा प्लग काढला, असं तिचं म्हणणं आहे," तो म्हणाला.

"मग काढला होता का?"

"तो प्रश्नच नाही, लव्ह!"

आमची मान अडकली ती इथे. हॉल वर्षभरासाठी मिळायचा तर फॉर्मवर दोन ट्रस्टींच्या सह्या लागतात, एकाखाली एक. आधी एक तिसरे ट्रस्टी होते. ते वर सही करायचे, खाली या दोघांपैकी कोणाचीही चालायची. ते गृहस्थ मुलीकडे स्कॉटलंडला राहायला गेले आणि उरले हे दोघं. दोघांचीही आमच्यावर माया. सही करायलाही दोघं तयार. पण खालची, दुसरी सही करायला कोणीच तयार नाही! जानेवारीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत फॉर्म गेला नाही, तर आमची वेळ पिलाटेसच्या व्यायामाच्या क्लासला जाणार होती.

"हॉल गेला तर मार्चमध्ये माझं तिकीट काढ," काकूंनी नीलेशला शांतपणे सांगून टाकलं.

* * *

आमच्या भागात दर हिवाळ्यात, नोव्हेंबर ते जानेवारी, एक छोटा उत्सव असतो. त्याची सुरुवात कंदिलांच्या मिरवणुकीने होते. लोक वेताच्या काड्या आणि टिश्यू पेपरचे कंदील करून नदीकाठाने चालतात. आम्ही म्हटलं, कंदील? हा तर आमचा प्रांत! ट्रस्टींवर छाप पाडायची ही चांगली संधी होती.

माझा नवरा मंदार इंजिनिअर. त्याने वरच्या मजल्यावरच्या आमच्या बैठकीच्या खोलीत तीन रात्री जागून आकाशकंदील केला. झिरमिळ्यांसकट माणसाच्या उंचीचा आणि दोन माणसांच्या रुंदीचा. इतका देखणा की मीसुद्धा चूक काढली नाही. ती मिरवणुकीच्या दिवशी सापडली. कंदील दारातून बाहेर जाईना!

शेवटी तिथलीच मोठी खिडकी उघडली आणि माझ्या दोन साड्या बांधून तो खाली सोडला. समोरच्या घरातले लोक बाहेर येऊन टाळ्या वाजवत होते. कंदील रस्त्यावर टेकला आणि पाऊस सुरू झाला. नदीपर्यंत पोचेस्तोवर कागद विरघळून गेला आणि मंदारच्या हातात नुसता काड्यांचा सांगाडा राहिला, आत दिवा पेटलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात उत्सवाच्या आर्ट्सवाल्या बाई सांगाड्यासमोर थबकल्या. डोळ्यांत पाणी! "यातून तुम्हाला काय सुचवायचंय?"

मंदार चिंब भिजलेला. तो गंभीरपणे म्हणाला, "जे उरतं ते."

तो सांगाडा अजून त्यांच्या गॅलरीत टांगलेला आहे.

* * *

डिसेंबरात कलासंध्या होती. आधी मुलांचा नाच, मग गाणी, मग समोसे. कार्यक्रम पाचला. मराठी माणसांना पाचला बोलवायचं तर चार सांगावं लागतं, हे मी कुणाला नव्याने सांगायला नको. मी ग्रुपवर टाकलं, "चार म्हणजे चारला!" मंदारलाही चारच सांगितलं. घरातलीच माणसं सगळ्यात उशिरा निघतात.

गेरीने पोस्टरसाठी वेळ कोणाला विचारावी? मंदारला!

बेकरीत, लायब्ररीत, केमिस्टकडे, सगळीकडे "चार वाजता" लागलं. पावणेचारला हॉलमध्ये चाळीस आयरिश माणसं कोट काढून ओळीत बसली. स्टेजवर कोणी नाही. अख्ख्या मंडळातून वेळेवर आलेली एकच व्यक्ती, सुमनकाकू. मी समोशांच्या तेलापाशी घरी, फोन दुसऱ्या खोलीत.

पाचला आम्ही ट्रे घेऊन धापा टाकत पोचलो, तर बाहेर रस्त्यापर्यंत आवाज येत होता. आत चाळीस माणसं एका सुरात "क, ख, ग, घ" म्हणत होती! काकू स्टेजवर हातात छत्री घेऊन उभ्या. एखादी ओळ नीट आली नाही की चष्म्याच्या वरून बघायच्या आणि म्हणायच्या, "परत म्हणा." लोकांना अर्थ आपोआप कळत होता. विल्मा पहिल्या रांगेत ताठ बसलेली. गेरी मागे दाराशी हाताची घडी घालून, पण ओठ हलत होते.

"काय घाई होती तुम्हाले?" काकू आम्हाला म्हणाल्या. "अजून बाराखडी राहिली ना!"

* * *

काकूंच्या शाळेत अक्षरांच्या आधी रीतभात. दोन माणसं एकदम दाराशी आली, तर थांबायचं आणि म्हणायचं, "तुम्ही आधी." मुलांकडून त्यांनी हे इतकं घोटून घेतलं की लखनौच्या नवाबांचा किस्सा आमच्या हॉलच्या दारात घडला.

आमची इरा आणि नीलेशचा अर्णव एकदम दाराशी आले. "तुम्ही आधी." "नाही, तुम्ही आधी." कोणी हटेना! दार सताड उघडं, बाहेरून गार वारा, मागे सात पोरांची रांग. गेरी दार धरून उभा, नाक लाल. किचनच्या खिडकीतून विल्मा सगळं बघत होती.

"काय चाललंय यांचं?" गेरीने मला विचारलं. मी अर्थ सांगितला.

"आणि जो आधी जातो तो जिंकतो का?"

"नाही," इरा तिच्या मोडक्या मराठीत मध्येच बोलली. "जो थांबते तो जिंकतो. काकू म्हटली."

मी तेही गेरीला इंग्रजीत सांगितलं. मग त्याने दोघांना कॉलर धरून एकदमच आत घेतलं आणि दार लावलं.

* * *

जानेवारीत वारसा दुपार. प्रत्येकाने घरातली जुनी वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. आम्ही सगळे दोन-दोन सुटकेसींवर आलेली माणसं. आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू प्रेशर कुकर निघाली! मंदारने त्याच्या शिट्टीवर पाच मिनिटं भाषण केलं. लोकांनी मन लावून ऐकलं, माणसं खरंच भली.

विल्माने आईचा मागावरचा धोटा आणला होता. तिची आई इथल्या लिननच्या गिरणीत होती. धोटा बघताच काकू उठल्या. त्यांचे वडील नागपूरच्या गिरणीत मागावर होते. दोघी तो लाकडी धोटा हातात घेऊन बसल्या, मी मध्ये दुभाषी.

"माझे बाबा घरीही ओरडूनच बोलत," काकू म्हणाल्या. "मागाच्या आवाजानं कान गेले होते."

"आमच्याकडच्या बायका ओरडत नसत," विल्मा म्हणाली. "त्या आवाजात त्या एकमेकींचे ओठ वाचायच्या. आईने मलाही शिकवलं. हॉलच्या त्या टोकाचं माणूस काय पुटपुटतंय, ते मला इथून कळतं."

त्या टोकाला गेरी खुर्च्या रचत होता. त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. दर शनिवारी तिकडे उभा राहून तो विल्माबद्दल काय काय पुटपुटायचा, ते मला ठाऊक होतं.

अकरा वर्षं!

* * *

फॉर्म अजून कोराच होता. मंदारचा चुलतभाऊ लंडनला, हाउन्सलोत असतो. त्याचा फोनवर सल्ला, "वहिनी, सिंपल आहे. दोघांना वेगवेगळं गाठायचं. प्रत्येकाला सांगायचं, तुमचीच पहिली!"

मी विल्माची सही वरच्या ओळीवर घेतली, ती झाकायला वर पिवळी चिकटचिठ्ठी लावली आणि "तुमचीच पहिली" म्हणत फॉर्म गेरीकडे नेला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी. गेरीने एका बोटाने चिठ्ठी उचलली.

"ग्रँड," तो म्हणाला आणि फॉर्म परत दिला. इथे ग्रँड म्हणजे कधी कधी विषय संपला.

विल्माला कळलं तेव्हा तिने स्वतःची सही असलेला तो फॉर्म माझ्यासमोर फाडला. मी चारचौघांत रडत नाही, पण त्या दिवशी बसस्टॉपवर रडले. घरी जाताना नीलेशकडे डोकावले, तर काकूंची सुटकेस माळ्यावरून खाली आली होती. उघडी, आणि तळाशी घडी घातलेल्या दोन साड्या.

"माझ्यामुळे झालं, काकू," मी म्हटलं.

"नाही ना बाप्पा," काकू म्हणाल्या. "नवा फॉर्म आण. आणि तीळ आण, दोन किलो."

* * *

शेवटचा शनिवार. उत्सवाचा शेवटचा कार्यक्रम आमच्याकडे होता. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो. कोणीतरी हळदीकुंकवाचं सुचवलं, ते काकूंनी तिथल्या तिथे मोडून काढलं. "हळदीकुंकू निवडून देतात, मला माहीत आहे. तिळगूळ सगळ्यांना."

लाडू काकूंनीच वळले. त्यांचं लक्ष नसावं, पाक पुढे गेला. लाडू असे झाले की दाताने फुटेनात, गालात धरून ठेवायचे फक्त! मुलं हॉलभर फिरली, प्रत्येकाच्या हातात लाडू ठेवून म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी माइकवरून अर्थ सांगितला. आणि दोन मिनिटांत हॉलमध्ये चिडीचूप. गोड बोलायला सांगितलेली साठ माणसं गाल फुगवून बसली, कोणाला एक अक्षर बोलता येईना.

त्या शांततेत काकूंनी टेबलावर कोरा फॉर्म ठेवला. त्यावर एकच पेन. दोन्ही ट्रस्टींकडे चष्म्याच्या वरून पाहिलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "या."

दोघं आले. टेबलाच्या या बाजूला गेरी, त्या बाजूला विल्मा. सवयीने मी मध्ये जाऊन उभी राहिले. काकूंनी मला दंडाला धरून बाजूला केलं.

गेरीने पेन उचललं. त्याने वरची ओळ पाहिली, खालची ओळ पाहिली. दाराशी उभ्या असलेल्या इराकडे पाहिलं. मग लाडू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला, पेन उलटं करून विल्मापुढे धरलं आणि तिच्या डोळ्यांत बघून चक्क मराठीत म्हणाला, "तुम्ही आधी."

विल्माने पेन घेतलं नाही. तिने चष्मा नाकावर खाली ओढला, त्याच्या वरून गेरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "परत म्हणा."