वास घेतलेला पाला

आत्याच्या नाकाला त्या घरात घरातल्या माणसाएवढाच मान होता. दूध नासायच्या आदल्या दिवशीच तिला कळायचं. भाऊ जिन्यात विडी ओढून, वर गोळी चघळत, अगदी साळसूद चेहऱ्याने दारात आला तरी ही आतून ओरडायची, "आधी चूळ भर, मग घरात ये!" एकदा सगळे जेवायला बसलेले असताना ती घास तसाच ठेवून उठली आणि म्हणाली, "गॅस सुटलाय." भाऊ हसला. "ताई, तुला आता आमटीतही गॅस दिसायला लागला का?" तरी उठून नळी बघितली, तर ती मागच्या बाजूने चिरलेली. त्या दिवसापासून तिच्या नाकाची थट्टा झाली ती कौतुकानेच झाली.

नाक फुकट मिळालेलं नव्हतं हो. साबणाच्या कारखान्यात तेलाच्या गोदामावर तिची उभी हयात गेली. पिंपाचं झाकण उघडायचं, वाकायचं, एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, हे घ्या, हे परत पाठवा. एक खवट पिंप आत गेलं की अख्खी भट्टी वाया, त्यामुळे एरवी कोणालाही न जुमानणारा मुकादम तिच्या तोंडाकडे बघत गप उभा राहायचा. लग्न का झालं नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. भावजयीने एकदा धीर करून विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "आले होते की बघायला. एकाच्या सदऱ्याला थापांचा वास येत होता." झालं, विषय संपला.

नोकरी सुटल्यावर ती भावाकडे आली. दोन खोल्या, मागे जाळी लावलेली गॅलरी. त्या गॅलरीत भाचीचे तीन ससे. सगळ्यात मोठा करडा, जरा खुट्ट झालं की मागचा पाय दाणकन आपटून सगळ्यांना सावध करायचा, म्हणून त्याचं नाव हवालदार. दुसरी लठ्ठ, आपल्याच तोऱ्यात असणारी बाईसाहेब. तिसरा पांढरा आणि भित्रा, तो कापूस. भाची शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे आणि ही पोरगी जाळीत. बाहेर फारशा मैत्रिणी नव्हत्या तिला. जे काही बोलायचं ते सशांशी, नाहीतर आत्याशी.

भावजय मनाने वाईट नव्हती, पण वैतागलेली असायची. सकाळी दवाखान्यातली साफसफाई, संध्याकाळी घर, आणि कपडे वाळवायला म्हणून जी गॅलरी तिथे लेंड्या. शेवटी तिने स्पष्टच सांगितलं, "हे बघा ताई, दुकानातले दाणे मी अधूनमधून आणीन. पण रोजच्या पाल्याची जबाबदारी तुमची. एक दिवस जरी पाल्याची बोंब झाली ना, की ससे माझ्या भावाच्या मळ्यावर गेले म्हणून समजा." भाची आईकडे बघायच्या ऐवजी आत्याकडे बघत राहिली. आत्या म्हणाली, "मी उभी आहे तोवर तुझे ससे कुठे जात नाहीत." दिला शब्द.

आणि पाळलाही. रोज दुपार कलली की ती पाटी, विळा आणि ओलं फडकं घेऊन निघायची. गोदामांच्या मागून कालव्याच्या काठाला लागायचं. काठावर हरळी, ओलाव्याला घोळ, कुंपणाच्या सावलीत केना, दगडांच्या फटीत पाथरी. पाथरीवर बाईसाहेबांचा भारी जीव. पुलाजवळ एक तुतीचं झाड पाण्यावर वाकलेलं होतं, त्याच्या बोटाएवढ्या फांद्या तोडायच्या. सशांचे दात मेले वाढतच असतात, कुरतडायला काडी नाही मिळाली की गादी कुरतडतील, दार कुरतडतील, शेवटी उपाशी मरतील. धोतरा दिसला की लांब, घाणेरी दिसली की लांब. पाला कधी धुवायचा नाही. ओला पाला खाल्ला की सशाचं पोट फुगतं, असं ती ठासून सांगायची.

घरी आल्यावर खरा सोहळा. दारातच पाटी खाली ठेवायची, फडकं बाजूला करायचं, गोदामातल्यासारखं वाकायचं, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा. भाची समोर उकिडवी बसलेली, श्वास रोखून. मग आत्या म्हणायची, "चालेल." तेवढं ऐकलं की पोरगी पाटी उचलून पळायची. एकदा एक जुडी आत्याने तशीच कचऱ्यात टाकली होती, कुत्रा मुतलाय म्हणून. भाचीने तीनतीनदा हुंगली, तिला काही कळलं नाही. "तुझं नाक अजून कच्चं आहे," आत्या म्हणाली. पोरीला ते पटलं. आत्याचं नाक ते नाक, आपलं काय!

त्या थंडीत आत्याला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, सर्दी गेली. पण सर्दी जाताना वास घेऊन गेली. पहिल्यांदा तिच्या लक्षातच आलं नाही. मग एका सकाळी दूध उतू जाऊन, करपून, भांड्याला काळं लागलं आणि ही शेजारीच भाजी चिरत बसलेली. भावजय धावत आली. "ताई, अहो लक्ष कुठे आहे?" आत्या म्हणाली, "डोळा लागला गं." ती खोटं बोलली. डोळा टक्क उघडा होता.

नंतर तिने गुपचूप सगळं करून बघितलं. साबणाची वडी नाकाला लावली. रॉकेलच्या बाटलीचं बूच काढलं. कांदा फोडून धरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. ती मोरीत उभी राहून तो फुटका कांदा हातात धरून रडली, आणि रडण्याचं खापर कांद्यावर फोडता आलं एवढंच बरं झालं.

सांगायचं कोणाला? सांगितलं असतं तर भावाने डॉक्टरकडे नेलं असतं, भावजयीने चांगुलपणाने म्हटलं असतं, "ताई, आता तुम्ही पाल्याबिल्याच्या भानगडीत पडू नका." म्हणजे ससे मळ्यावर. म्हणजे पोरगी एकटी. आणि खरं सांगायचं तर, म्हणजे आत्याही संपली. एक म्हातारी बहीण, भावाच्या घरात एका कोपऱ्यात, कशाच्याच उपयोगाची नाही. या विचारानेच तिच्या अंगावर काटा यायचा. तिने मनाशी म्हटलं, पानं ओळखायला नाक कशाला लागतं? डोळे आहेत, बोटं आहेत, जागा पायाखालच्या आहेत. पानावर काय पडलंय ते मात्र नाकाशिवाय कळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तेवढा एक विचार तिने मागे ढकलून दिला. आणि दारात वाकून, डोळे मिटून, ती रोज रिकामा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "चालेल."

असेच दिवस गेले आणि काही झालं नाही. काही झालं नाही की माणूस सोकावतो.

मग ती दुपार. गोदामांच्या मागे शेळीवाली भेटली. रोज काठावर शेळ्या सोडून झाडाखाली बसणारी बाई, आज शेळ्या दोरीला धरून उलट्या दिशेला चाललेली.

"आज इकडे कुठे?" आत्याने विचारलं.

"काठावर नाही जात बाई. शेळ्या तोंडच लावेनात. हुंगतात आणि फुरफुरून मागे फिरतात."

"लाडावून ठेवलंस तू त्यांना."

"लाड कसले! शेळी कधी लाजते का खायला?" शेळीवाली थांबली. "तुम्हीच बघा की. तुम्हाला तर म्हणे लांबून वास येतो."

आत्या "बघते" म्हणाली आणि पुढे गेली. मागे वळून बघितलं नाही.

काठ हिरवागार होता. तेच तर, दिसायला कुठे काही नव्हतं. पण आवाज नव्हता. एरवी केन्याच्या फुलांवर माश्या घोंघावायच्या, पाऊल टाकलं की गवतातून काही ना काही उडायचं. आज तिने पाटी खाली आपटली तरी काही हललं नाही. पायवाटेवर एक चतुर पडला होता, पंख पसरून, उताणा. थोडं पुढे दुसरा. पाथरीच्या पानांवर मेणचट चमक होती, बोट फिरवलं तर बुळबुळलं. लांब पुलापाशी एक माणूस पाठीवर पंप अडकवून उभा होता, तोंडाला फडकं बांधलेलं. त्याने तिच्याकडे बघून हात हलवला. राम राम करतोय की जा म्हणतोय, तिला कळलं नाही.

तिने पान खुडलं, नाकाशी नेलं. जुनी सवय. काहीच नाही. छातीत नुसती थंड हवा गेली.

परत फिरावं? मग पाटी रिकामी. कालव्यापलीकडच्या माळावर जावं तर गुडघे साथ देत नव्हते, आणि ऊनही उतरलं होतं. रिकामी पाटी बघून भावजय एक शब्द बोलणार नाही, नुसती भाचीकडे बघेल. आत्याने विळा चालवला. तुतीच्या फांद्याही घेतल्या. तिला वाटेत एकदा वाटलं, आज धुऊन द्यावा. पण आजवर धुवायचा नाही म्हणून डोकं खाल्लं सगळ्यांचं, आज काय म्हणून धुवायचा?

दारात भाची वाटच बघत होती. आत्याने फडकं काढलं, वाकली, डोळे मिटले. डोळे उघडायच्या आतच पोरगी म्हणाली, "आत्या, याला रॉकेलसारखा वास येतोय."

शेगडीपाशी भावजयीचा हात थांबला. ती वळून बघायला लागली.

"कुठे गं?" आत्या म्हणाली.

"येतोय की. उग्र. डोक्यात जातोय."

आत्याने पुन्हा वाकून श्वास घेतला. मनापासून घेतला, सगळी छाती भरून, देवाला विनवावं तसा. जगात कसलाच वास नव्हता.

"तुझ्याच हाताला असेल," ती म्हणाली. "काहीतरी चाळवत बसतेस. चालेल."

"ताईंना नाही आला म्हणजे नाहीच," भावजय म्हणाली आणि पुन्हा शेगडीकडे वळली.

भाचीने आपली बोटं हुंगली. मग पाला हुंगला. मग आत्याच्या तोंडाकडे बघितलं. उठली, मोरीत गेली, आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊन आली. आत्या ते बघत उभी राहिली. स्वच्छ हातांनी पोरीने पाटी उचलली आणि गॅलरीत नेली.

जाळीचं दार उघडल्याबरोबर हवालदाराने पाय आपटला. दाण. पुन्हा दाण. "हवालदार आज ड्यूटीवर आहेत वाटतं!" भाऊ आतून ओरडला, आणि सगळे हसले. आत्याही हसली. बाईसाहेबांनी पाथरी पाहिली आणि तुटून पडल्या. कापूस भीत भीत मागून आला, एक एक पान ओढायला लागला. हवालदार कोपऱ्यात भिंतीला चिकटून पाय आपटत राहिला. जेवणं झाली, भांडी झाली, तरी तो आवाज मधूनमधून येतच होता.

सकाळी आत्याला जाग आली ती भाचीच्या हाकेने. ओरडणं नव्हतं ते. अगदी हळू, "आत्या, इकडे ये ना." बाईसाहेब आडव्या पडल्या होत्या, तोंडाला फेस, पाय ताठ. कापूस अजून जिवंत होता, पण मान वाकडी करून थरथरत होता. भावजयीने कामावर जायची घाई सोडून त्याला फडक्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं. तीच, जिला ससे नको होते. थोड्या वेळाने थरथर थांबली. भावजय पदराने डोळे पुसत म्हणाली, "गेला गं."

भाची रडली नाही. ती उठली आणि कोपऱ्यातली दुकानातल्या दाण्यांची पिशवी उचलून तिने जमिनीवर आपटली. दाणे घरभर झाले. "तू आणलेस हे! तुझ्या या दाण्यांनी मेले ते!"

"अगं, मी तर..." भावजयीचा चेहरा पडला. "जुने झाले असतील. मी बघितलंच नाही गं." तिने ते स्वतःवर घेतलंसुद्धा. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कोणी कधीच बघितलं नसतं.

भाचीने हवालदाराला उचलून छातीशी धरलं. त्याने रात्रभर काही खाल्लं नव्हतं. पोरीने पाटीवरचं फडकं सारलं, उरलेल्या पाल्यातली एक जुडी काढली आणि त्याच्या तोंडाशी नेली. तो मान फिरवत होता. "खा ना रे," ती त्याला समजावत होती. "दाणे नाहीत हे. हे आत्याने वास घेतलेलं आहे." हवालदाराने तिच्या तोंडाकडे बघितलं. नाक हलवलं. आणि मग, पोरीच्या हातातलं आहे म्हणून, त्याने पानाला तोंड लावलं.

आत्याने झडप घातली. जुडी हिसकावली, त्याच्या दातात अडकलेलं पान बोट घालून ओढून काढलं. ससा किंचाळला, तिच्या हातावर ओरखडा उठला.

"आत्या! काय करतेस?"

"मला वास येत नाही गं." आत्या मटकन खाली बसली. "थंडीतल्या तापापासून येत नाही. कशाचाच. मी नुसतं नाटक करत होते. दाण्यांना नको बोलूस, आईला नको बोलूस. पाल्याने मेले. माझ्या पाल्याने."

भाऊ आतल्या दारात येऊन उभा राहिला होता. भावजय पायाखालचे दाणे गोळा करता करता थांबली. आत्याला वाटलं, आता पोरगी ओरडेल, मारेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

भाचीने खाली वाकून आत्याच्या हातातली जुडी हुंगली, एकदाच.

"म्हणजे काल मला आला होता, तो खरा होता," ती म्हणाली.

तिने हवालदाराला फ्रॉकमध्ये गुंडाळलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.