विहीणबाईंचा धावदोरा

आमच्या विहीणबाई, म्हणजे सूनबाईची आई, कपडे शिवतात. नुसतं 'शिवतात' म्हटलं तर त्यांना राग येईल, म्हणून नीट सांगतो. एकदा त्यांनी शिवलेली विजार घालून एक आडदांड खाटीक समारंभाला गेला आणि धपकन बसला. खुर्ची मोडली, विजार टिकली! दुसऱ्या दिवशी तो पेढे नव्हे, पण तोंडभर स्तुती घेऊन त्यांच्या दुकानात आला. विहीणबाई तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाल्या, "माझी टीप पातं लावल्याशिवाय सुटत नाही." एवढा एकच गर्व आहे बाईंना, पण तो डोंगराएवढा.

करमणुकीशी मात्र छत्तीसचा आकडा. एकदा आम्ही त्यांना बळेच सिनेमाला नेलं. पडद्यावर नायिका शेवटचे श्वास मोजतेय, सगळं थिएटर नाक ओढतंय, आणि ह्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "व्याहीबुवा, हिच्या ब्लाउजच्या खांद्यात झोळ आलाय बघा." माझं रडू तिथंच आटलं.

अशा बाईंची गाठ पडली आमच्या नातीशी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण एका जागी थांबणं तिला ठाऊकच नाही. ही भिंगरी एका जपानी कार्टूनच्या नादी लागलेली. त्यातल्या पोरी एरवी शाळेत जातात, गृहपाठ विसरतात. संकट आलं की गर्रकन गिरकी घेतात, अंगावरचा गणवेश झगमगत्या झग्यात बदलतो आणि मग राक्षसांची धडगत नसते. मीही बघतो. का बघू नये? वय झालं म्हणून काय डोळे मिटून बसायचं?

तर शाळेच्या कार्यक्रमात भिंगरीला त्यातली गुलाबी केसांची पोरगी व्हायचं होतं. झगा आजीने, म्हणजे विहीणबाईंनी, झोकात शिवला. पण पोरीची अट भारी. पडद्याआड जाऊन कपडे बदलायचे नाहीत. सगळ्यांसमोर, एका गिरकीत बदलले पाहिजेत. नाहीतर स्टेजवर जायचंच नाही.

आजीने आत झगा, वरून गणवेश आणि पाठीला टिचबटणं, अशी युक्ती काढली. पण ती बटणं काढताना पोरगी पोत्यात सापडलेल्या मांजरासारखी धडपडली आणि रडायला लागली. कार्यक्रम दोन दिवसांवर आला होता.

रविवारी दुपारी विहीणबाई बोचकं घेऊन आमच्या बैठकीत येऊन बसल्या. "दाखव गं मला तुझी ती बया. कशी बदलते ते बघतेच."

भिंगरीने नवा भाग लावला. गुलाबी पोरीने गिरकी घेतली मात्र, विहीणबाई ओरडल्या, "थांबव! बटण कुठाय? चेन कुठाय? उघडलं कुठून?"

"आजी, जादू आहे ती!"

"जादूलाही शिलाई लागते. आणि केस असे गुलाबी? आईबाप काही बोलत नाहीत?"

"विहीणबाई," मी म्हटलं, "तुम्ही केस सोडा, झग्याचं बघा."

"झग्याचंच बघतेय. घेर छान पडलाय हो."

मी मनात म्हटलं, चला, सिनेमापेक्षा बरं चाललंय.

भाग पुढे चालू झाला, तसं भिंगरीला झग्यावर गणवेश चढवून त्यांनी टीव्हीसमोरच उभं केलं. बटणं उखडली होती, म्हणून माप बघण्यापुरती पाठ लांब लांब टाक्यांनी, धावदोऱ्याने जोडायला घेतली. गाठ मारायची राहिली होती. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून त्या उभ्या होत्या, आणि हळूहळू त्यांची नजर पाठीवरून टीव्हीवर सरकली.

तिकडे प्रसंग बाका होता. गुलाबी पोरीची जादूची कांडी मोडलेली, झगा विरून गेलेला. मैत्रिणी दगड होऊन पडलेल्या. राक्षसीण चष्म्याच्या काचा लकाकवत हसतेय, आणि ही साध्या गणवेशात एकटी उभी, गुडघा फुटलेला.

"मागे बघ गं, मागे!" विहीणबाई ओरडल्या.

"तिला ऐकू येत नाही, आजी!"

"तू गप! व्याहीबुवा, हिचा चष्मा काढा कुणीतरी, त्या सटवीचा! त्यातच सगळी ताकद आहे तिची!"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मीही खुर्चीवरून उठलो. पोरगी पळाली, उडी मारली, चष्मा हिसकला. आणि कांडीबिंडी काही नसताना तिच्या अंगातूनच उजेड फुटला!

"हाण तिला!" म्हणून विहीणबाईंनी हात उंच उगारला.

बोटाला गुंडाळलेला दोरा सर्रकन निघाला. भिंगरीच्या अंगावरचा गणवेश पाठीतून उलगडला, केळ्याच्या सालीसारखा दोन्हीकडे गळून पडला, आणि आतून झगमगता झगा बाहेर आला. टीव्हीवर एक बदलली, बैठकीत दुसरी!

विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई! माझी शिवण... अंगावर सुटली?"

भिंगरी मात्र किंचाळत माझ्या मांडीवर, तिथून पलंगावर, तिथून आजीच्या गळ्यात. "अस्संच पाहिजे! आजी, अस्संच!"

"छे! सुटणारी शिलाई मी देणार नाही. लोक काय म्हणतील, म्हातारीचा हात गेला?"

"मग मी जाणार नाही," पोरगी म्हणाली आणि फतकल मारून बसली.

दोन बायकांच्या मध्ये बोलू नये, त्यातली एक तिसरीत असली तरी. विहीणबाईंनी गणवेश उचलला, झटकला, बराच वेळ शिवण चाचपली. मग टीव्हीकडे हात करून म्हणाल्या, "तो तिचा उजेडाचा तुकडा परत लाव. आणि सुई दे. रेशमी दोरा घेते, सुळकन निघेल. टोक खांद्यावर ठेवते, तुझं तुलाच ओढता आलं पाहिजे."

कार्यक्रमाला आम्ही पहिल्या रांगेत बसलो. विहीणबाई पदराची चुंबळ करत होत्या. भिंगरीने गिरकी घेतली, खांद्यावरचा दोरा ओढला. गणवेश मध्येच जरा अडकला, मी खुर्चीतून अर्धा उठलो, आणि मग सुटला!

सभागृह टाळ्या वाजवायच्या आत माझ्या शेजारून खणखणीत आरोळी उठली, "उसवलं! उसवलं हो, माझंच आहे ते!"