साडूंचा खांदा

दुखणंसुद्धा मिरवावं तर माझ्या थोरल्या साडूंनीच! खांदा माझाही दुखतो, पण त्याला आमच्या घरात गरम पाण्याच्या पिशवीपलीकडे किंमत नाही. ढोकीच्या साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर उभा जन्म काढलेल्या साडूंचा उजवा खांदा आखडला, तर अख्खी सासरवाडी विचारपूस करायला हजर. त्यांनी चहाची बशी डाव्या हातानं उचलली तरी सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं आणि माझा नुसता जळफळाट होतो. त्या दुखण्यानं मला मात्र एक गोष्ट दिली. अणदूरला सासरी चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलतात. भंडारा-खोबऱ्याचं ताट पाच पुरुष मिळून डोक्याच्या वर नेतात. त्यातली एक जागा थोरल्या जावयाची. साडूंचा हात वर जाईना, म्हणून ती धाकट्याला, म्हणजे मला मिळाली. तेवढाच काय तो माझा मान.

म्हणूनच धाराशिवच्या दवाखान्यात चष्मा लावून खांदा बरा करतात हे कळल्यावर माझी झोप उडाली. त्यात बायकोनं सोबतीला मलाच धाडलं. डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा चढवला की पेरूची बाग दिसते. हात उंचावून पेरू तोडायचे, हाच व्यायाम. पहिल्या दिवशी साडू हात बांधून उभे. "मालकाला न इचारता दुसऱ्याच्या बागंत हात कसा घालू?" डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं. शेवटी "काका, बाग तुमचीच आहे," म्हणाल्या, तेव्हा साडूंनी चपला काढल्या आणि तोडणी सुरू केली. मग असे रमले की वाटपही मांडलं. "हा ढीग सासूबाईंचा. पाव्हणं, तुमच्यासाठी बी दोन ठिवलेत." नसलेल्या पेरूंतसुद्धा माझ्या वाट्याला दोनच!

बाईंनी मला हळूच सांगितलं, की चष्म्यात हात असतो त्यापेक्षा खाली दिसतो. मग दुखायची धास्ती कमी होते आणि माणूस नकळत आणखी वर नेतो. परवा साडूंचा हात असाच डोक्याच्या वर गेला. चष्मा न काढताच त्यांनी विचारलं, "पाव्हणं, कुठवर गेला?"

"खालीच आहे" म्हटलं असतं, तर माझा मान राहिला असता. म्हटलं, "डोक्याच्या वर. तळीला आता तुम्हीच."

"उगं बरं वाटावं म्हणून बोलू नका. मला खांद्यापाशीच दिसतोय. औंदा बी तुमीच उचला. तुमच्या हातात ताट जरा बी हालत न्हाय. मागं उभा राहून बघतो न्हवं मी."

सासरवाडीत माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, आणि करावं ते याच माणसानं. मी त्यांचा डावा हात धरला आणि वर नेऊन उजव्या हाताला लावला. ते आपलाच हात चाचपत राहिले. "व्हय की," एवढंच म्हणाले, आणि हात काही खाली घेईनात.

यंदा मागं उभं राहायची पाळी माझी. वाईट वाटणारच आहे, ते काही लपायचं नाही.