पांढऱ्या पट्टीचे टायर

टायरला मी घाबरेन असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माणसानं सापाला घाबरावं, विजेला घाबरावं. टायरला काय घाबरायचं? पण मागच्या उन्हाळ्यात मी टायरला घाबरले, आणि असली घाबरले की अजून कोणी दार आपटलं तरी छातीत धस्स होतं.

आमचे हे म्हणजे एक नंबरचे हट्टी. जालन्यात आमचं बियाण्याचं दुकान. ते भाच्याच्या हवाली करून हे सासऱ्यांच्या जुन्या अँबॅसेडरच्या मागं लागले होते. गाडी कित्येक वर्षं पत्र्याखाली पडून होती, तिच्यात उंदरांची पिलावळ वाढलेली. इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. राहिले फक्त टायर. आणि टायरपाशी येऊन ह्यांचं घोडं अडलं.

कारण एक फोटो. फोटोत सासरे बंपरवर पाय ठेवून उभे आहेत, आणि पुढच्या टायरला पांढरी पट्टी आहे. हा माणूस भिंग लावून त्या टायरची नक्षी बघायचा. जेवताना बघायचा, पूजा झाली की बघायचा. मी म्हणायचे, "लग्नाच्या टायमाला मला तरी एवढं निरखून बघितलं होतं का?" तर हे म्हणायचे, "तुझी नक्षी बदलायची सोय नव्हती."

जुन्या गाड्यांवाल्यांचा एक मोबाईलवरचा ग्रुप होता. तिथं ह्यांना समजलं की गाडी ज्या काळातली, टायर त्याच काळातले पाहिजेत, न्हाईतर गाडीला काही अर्थ न्हाई. जालन्यातला टायरवाला साधं बोलला होता, "साहेब, आजकालचे रेडियल टायर टाका आन बिनघोर फिरा." त्याला ह्यांनी फोटो दाखवला आणि विचारलं, "ह्यात रेडियल दिसतो का तुला?" त्या बिचाऱ्यानं हात जोडले. जुन्या नमुन्याचे नवे टायरही मिळत होते, पण परगावहून यायचे, वेळ लागणार होता. आणि वेळ तर नव्हता. आमच्या पोरीला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण, तिला आष्टीहून आणायचं होतं. आमच्या दोन्ही नणंदा पहिल्या बाळंतपणाला ह्याच गाडीतून माहेरी आल्या होत्या. ह्यांच्या मनानं घेतलं होतं की आपली पोरगीही ह्याच गाडीतून येणार, आणि गाडी फोटोतल्यासारखीच दिसणार.

मंग कुठूनतरी एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरचे टायर सापडले. पांढऱ्या पट्टीचे, त्याच नक्षीचे, त्याच काळातले. एकदाही रस्त्याला न लागलेले. कागदाच्या पट्ट्या अजून गुंडाळलेल्या होत्या. हे लहान लेकरासारखे नाचत घरी आले. "बघ, कोरे करकरीत!"

मी हात लावला. हाताला ते रबर लागलंच न्हाई, लाकूड लागलं. नख रोवून पाहिलं, रुतलं न्हाई. मी म्हणाले, "अहो, कुकरची रिंग नुसती डब्यात ठेवली तरी कडक होते. हे तर आपल्या लग्नाच्या आधीचे आहेत."

"कुकरची रिंग आन टायर एक असतंय का? बिनवापराचे आहेत हे. बिलकुल नवे."

"नवं पातळ पेटीत ठेवलं तरी घडीवर विरतंच की!"

"तू स्वयंपाकघर सांभाळ."

हे वाक्य ह्यांनी बोलायला नको होतं. मी दोन दिवस तोंडाला कुलूप लावलं. तेवढ्यात टायर बसले, काळं पॉलिश चढलं, गल्लीतली माणसं येऊन फोटो काढून गेली. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी दिसत होती. माझाही राग थोडा उतरला, म्हटलं माझंच काहीतरी खूळ असेल.

आम्ही सकाळी निघालो. परतूरपर्यंत मी बरी होते. ऊन चढलं तशी गाडी खालून धडधड करू लागली, एका लयीत, जसं कोणी मागून पाठीला बुक्क्या मारतंय. मी विचारलं, तर म्हणाले, "जुने नायलॉनचे टायर असेच वाजतात." परतूरच्या पुढं चहाला थांबलो, तेव्हा मी खाली उतरून मागच्या टायरपाशी वाकले. धुळीनं पॉलिश गेलं होतं. नक्षीच्या खाचांमध्ये बारीक बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा. मी काही बोलणार तर हे चहाचा ग्लास ठेवून म्हणाले, "आता अपशकुनी बोलू नको. पोरीला आणायला चाललोय."

तो शब्द मला वर्मी लागला. कारण मी तेच टाळत होते. मनात आलेलं बोललं की खरं होतं, असलं एक भय मला लहानपणापासून आहे. मी गाडीत बसले आणि दाराची कडी घट्ट धरून ठेवली. समोरून ट्रक आला की डोळे मिटायचे. खड्डा आला की देवाचं नाव घ्यायचे. आणि सारखं डोळ्यांपुढं एकच. जाताना मी बसलेय, येताना मागं पोरगी बसणार, तिच्या पोटात बाळ असणार.

आष्टीला पोहोचलो. व्याह्यांनी गाडीभोवती चक्कर मारून वाहवा केली. हे असे फुगले की विचारू नका. मी मात्र पाणीही न घेता गाडीमागं गेले. डाव्या बाजूच्या मागच्या टायरला बगलेत फुगा आला होता, लिंबाएवढा. पांढरी पट्टी तिथं ताणून पातळ झाली होती. त्याच्याच वरती पोरीची जागा होती, कारण उजव्या बाजूला सामान ठेवायचं ठरलं होतं.

मी ह्यांना बाजूला घेतलं. फुगा दाखवला. ह्यांनी फुग्यावर अंगठा टेकवला आणि झटकन काढून घेतला, मी पाहिलं ते. आणि मंग म्हणाले, "उन्हानं हवा वाढलीय. थोडी कमी करतो. व्याह्यांसमोर तमाशा करू नको, हात जोडतो."

जेवणं झाली. विहीणबाईंनी पोरीची ओटी भरली, हातावर दही दिलं. ओटी भरल्यावर निघणाऱ्याला टोकायचं नसतं, मागं फिरवायचं नसतं, हे मला का ठाऊक न्हाई? माझ्या आईनं मला ते शिकवलंय. पोरगी पोटाला हात लावून सावकाश पायऱ्या उतरली. ह्यांनी मागचं दार उघडून धरलं, नोकर साहेबासाठी धरतो तसं, हसत. तिनं एक पाय आत ठेवला आणि माझ्या तोंडून निघालंच.

"उतर. ह्या गाडीत न्हाई बसायचं."

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला, "अहो विहीणबाई, ओटी भरल्यावर असं?" मी म्हणाले, "मला काय म्हणायचं ते म्हणा. टायर फुटायला आलाय, माझी पोरगी ह्यात बसणार न्हाई." मी दारात आडवी उभी राहिले. जावई शहाणा. तो जल्दीनं आपल्या गाडीची चावी घेऊन आला. "आई, मी सोडतो ना तुम्हाला. त्यात काय."

ह्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला न्हाई. चारचौघांत कोणी मुस्काटात मारावी तसा. एवढंच म्हणाले, "बसा तुम्ही त्यांच्या गाडीत. माझी गाडी मी आणतो." आणि एकटे निघून गेले.

जावयाच्या गाडीत बसल्यावर माझ्या जिवात जीव आला. पोरगी शेजारी होती, मी तिच्या हातावर हात ठेवला. वाटलं, लोक बोलतील ते बोलतील, सुटलो. थोडं अंतर गेलो असू. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "आई, टायर इतका खराब होता, तर मंग बाबाला का बसू दिलं?"

मी तिला म्हणाले, "गप बस." का म्हणाले ते मलाच माहीत. दिवसभर मी एका जिवासाठी, दोन जिवांसाठी घाबरले, आणि तिसऱ्याला मी स्वतःच्या डोळ्यांदेखत त्या गाडीत बसू दिलं होतं. अडवलं न्हाई. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, बस. मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. गाडी चालवताना हे कधी फोन उचलत न्हाईत, हे माहीत असून मी लावत राहिले. जावयाला म्हणाले, "बापू, गाठा त्यांना, थांबवा." त्यानं वेग वाढवला तर पुढं कडब्याचा ट्रॅक्टर. रस्ता अख्खा भरून. हॉर्न दिला तरी हलेना. मला ओरडून त्या ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करावासा वाटला.

ट्रॅक्टर बाजूला झाला आणि पुढच्या वळणावर माणसं पळताना दिसली.

गाडी रस्त्याखाली उतरून बाभळीला टेकली होती, डाव्या अंगावर कललेली. मागच्या चाकाला नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. पुढची सीट रिकामी होती. मंग हे दिसले. उभे होते. कपाळातून रक्त वाहत होतं, चष्मा न्हाई. दोन्ही हातांनी मागचं दार ओढत होते. दार चेपलं होतं, उघडत नव्हतं, आणि हे पाय लावून ओढत होते आणि ओरडत होते, "पोरी, माय माझी, दार उघड. माय, आवाज दे ना."

मी पळत जाऊन त्यांना धरलं. म्हणाले, "अहो, ती आत न्हाई. ती आमच्यासंगं आहे."

"आत आहे. मागं बसलीय. अडकलीय ती."

टायर फुटल्याचा आवाज झाला आणि त्यांच्या डोक्यात पोरगी एवढी एकच गोष्ट उरली होती. माझा तमाशा, आष्टी, एकट्यानं निघणं, काही काही उरलं नव्हतं. पोरगी जावयाला धरून हळूहळू खाली आली, त्यांच्या समोर उभी राहिली. "बाबा, मी इथंय. बघा ना, मी इथंय."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या पोटाकडं पाहिलं. आणि परत वाकून काचेतून आत बघायला लागले. मंग माझ्याकडं वळले, रक्तानं एक डोळा मिटलेला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू बघ ना एकदा. मला नीट दिसून न्हाई राह्यलं."

पोरगी माझ्या शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. तरी मी फुटलेल्या काचेतून हात आत घातला आणि सगळी सीट चाचपून पाहिली.