चिखलातलं स्थळ

टोचनकाकांचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं. उलटलेल्या, रुतलेल्या, खड्ड्यात गेलेल्या गाड्या टोचन करून, म्हणजे क्रेनने ओढून काढायच्या, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. या धंद्यात त्यांचा एकच नियम होता: हूक लावायला गेलेला माणूस बाजूला होऊन हात वर करत नाही, तोवर कुणी ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. एकदा एका दीडशहाण्याने लावला, आणि काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आज ते चिखलातली गाड्यांची शर्यत बघायला आले होते, म्हणजे आणले गेले होते. मुलीने आपलं लग्न आपणच जमवलं होतं आणि पोरगा या शर्यतीत गाडी चालवायचा. "एकदा बघा तर त्याला. तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला," असा शब्द तिने दिला होता. बायकोने कडक इस्त्रीचा शर्ट हातात ठेवून बजावलं होतं, "तिथे तोंड वाकडं करून बसू नका."

तोंड सरळ राहावं असं तिथे काही नव्हतं. चांगलं सपाट मैदान जेसीबीने उकरून, वर पाणी सोडून मुद्दाम केलेला राडा. जळक्या क्लचचा वास, डिझेलचा धूर, कानठळ्या बसवणारे भोंगे. शेजारच्या गृहस्थाच्या तोंडात चिखल उडाला तरी पठ्ठ्या टाळ्या वाजवतोच आहे! काकांनी नाकाला रुमाल लावला.

"जन्मभर लोकांना चिखलातून बाहेर काढलं," ते पुटपुटले, "आणि हे हौसेने आत जातायत."

"श्शू!" शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. "ती बघा, निळी गाडी. त्याचीच."

निळी गाडी झोकात आली आणि मधल्या खड्ड्यात दारापर्यंत रुतली. पन्नाशीचा एक माणूस दोर घेऊन कमरेएवढ्या चिखलात उतरला. वाकून, चाचपडत त्याने बंपरखाली हूक अडकवला. तो अजून गाडीसमोरच होता, हात वर झाला नव्हता, आणि पोराने ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने उसळी घेतली. माणूस आडवा होऊन चिखलात दिसेनासा झाला.

काका ताडकन उभे राहिले. मैदान खदखदून हसलं. माणूस वर आला, चिखल थुंकला, पुन्हा घसरला, तसा हशा दुप्पट झाला. पोरगा खिडकीतून हात हलवत होता.

काकांचा निर्णय झाला. नाही म्हणायचं आणि घर गाठायचं. ते मुलीकडे वळले.

मुलगी पोट धरून हसत होती. "बाबा, कसा डुबुक गेला, बघितलंत?"

काकांच्या हाताची पट्टी बदलताना रडून घर डोक्यावर घेणारी पोर ती हीच. तिच्या हसण्याची त्यांना शिसारी आली, त्या पोराची आली होती त्याहूनही जास्त.

ते खाली गेले आणि त्या माणसाला दंडाला धरून काठावर घेतलं. परत आले तेव्हा शर्टाचं मातेरं झालं होतं.

"हे काय करून घेतलंत? तो आता भेटायला येईल!" मुलगी वैतागली. मग लाडात येऊन म्हणाली, "सांगा ना, पसंत आहे?"

"नाही."

तिचा चेहरा उतरला. "का? त्याने काय केलं?"

तिला खरंच कळलं नव्हतं. परक्या पोराला नकार कळवून मोकळं होता येतं. पण पोटची पोरच नापसंत झाली, तर तिला नकार कसा कळवायचा, हे काकांना ठाऊक नव्हतं.